गाडी रिकामी आहे

आमच्या डेपोच्या वाट्याला कौतुक कधी आलं नव्हतं. तक्रारी मात्र रोज यायच्या, त्याही ताज्या ताज्या. गाडी उशिरा आली, गाडी लवकर आली, ड्रायव्हरने हॉर्न का वाजवला, का नाही वाजवला. शाळा मंडळाच्या मुख्य कार्यालयातून दर महिन्याला ‘आपली माणसं’ नावाचं वार्तापत्र निघतं. मंडळाच्या सगळ्या शाळांमधल्या बढत्या, निवृत्त्या, बक्षिसं, कुठल्या बाईंच्या वर्गाने किती झाडं लावली, सगळं त्यात येतं. स्कूलबस चालवणारे जणू मंडळाची माणसंच नव्हेत. मी एकदा फोनवर तसं सुनावलंही होतं. मी डेपोच्या कंट्रोल रूममध्ये बसते. वायरलेस, टेलिफोन आणि चाव्यांचा बोर्ड, एवढा माझा संसार. सगळे मला कंट्रोलताई म्हणतात आणि माझ्या तोंडाला जरा टरकून असतात. ते बरंच आहे.

माझं ते बोलणं ज्या मुलीने ऐकून घेतलं, ती वार्तापत्राचं काम बघायला नुकतीच लागली होती. आम्ही तिला बातमीबाई म्हणायचो. उत्साह असा की पायाला भिंगरी. मला वाटलं, नव्याची नवलाई, उतरेल. पण तिने वरच्या साहेबांशी भांडून आमच्यासाठी एक गोष्ट मिळवली. दर वर्षी मंडळ एका कर्मचाऱ्याला ‘वर्षाचा मानकरी’ ठरवतं. तो मान आजवर शिक्षकांच्या बाहेर गेला नव्हता, तो या वर्षी आमच्या दुबारकाकांना मिळणार होता. हे ऐकून माझ्यासारख्या बाईच्याही डोळ्यांत पाणी आलं, आता सांगायला काय लाज.

या मानाची एक रीत आहे. मानकऱ्याला आधी काही कळू द्यायचं नाही. तो कामावर असताना साहेबांनी फुलं घेऊन अचानक जायचं, त्याच्या घरच्यांना गुपचूप आणून कुठेतरी लपवायचं, आणि तो गोंधळला की टाळ्या. त्याचं चित्रीकरण होतं आणि ते सगळ्या शाळांमध्ये फिरतं. शिक्षकांच्या वर्गात हे छान दिसतं. वर्गाला फार तर खडू आणि फळा असतो.

दुबारकाकांचं नाव दुबार कसं पडलं, ते सांगायला हवं. मुलांना शाळेत सोडून गाडी डेपोत आली की ड्रायव्हरने मागच्या टोकापर्यंत चालत जायचं, प्रत्येक बाक आणि बाकाखाली बघायचं, कुणी झोपलेलं राहिलं नाही याची खात्री करायची आणि मागच्या काचेला आतून एक पाटी लावायची : ‘गाडी रिकामी आहे’. शाळेच्या दारात हे करता येत नाही, तिथे गाड्यांची रांग लागलेली असते आणि मागचा हॉर्न मारून जीव घेतो. म्हणून डेपोत. बाकीचे ड्रायव्हर एकदा जातात. आमचे काका दोनदा जायचे. एकदा उजवीकडचे बाक बघत, एकदा डावीकडचे. नोकरीच्या सुरुवातीला एकदा एक पोरगं कोटाखाली झोपलेलं त्यांच्या नजरेतून निसटता निसटता राहिलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्यांचं. पोरं चिडवायची, “काका, दुबार पेरणी झाली का?” काका हसायचे आणि पुन्हा मागे जायचे.

आणि गेल्या हिवाळ्यात त्यांना खरंच एक मुलगी सापडली. पहिलीतली, अंगाने एवढीशी, म्हणून काका तिला मुंगी म्हणायचे. ती पहिल्या थांब्यावर चढायची आणि थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसायची. त्या दिवशी झोपेत घसरून बाकाखाली गेली होती. पहिल्या फेरीत काकांना दिसली नाही, दुसऱ्या फेरीत दिसली. काकांनी तिला स्वतः परत शाळेत नेऊन सोडलं. तिची आई कामावर सुट्टी टाकून मंडळाच्या कार्यालयात गेली आणि साहेबांना म्हणाली, “असा माणूस तुमच्याकडे आहे हे तुम्हाला माहीत असू दे.” मान मिळाला तो त्यातूनच.

तर तो दिवस. बातमीबाई सकाळीच डेपोत हजर. काकूंना आणि त्यांच्या लेकीला तिने धुण्याच्या जागेमागे उभं केलं होतं. काकांच्या गाडीतल्या मुलांना तिने आदल्या आठवड्यातच शाळेत जाऊन सांगून ठेवलं होतं की काकांसाठी एकेक शुभेच्छापत्र बनवा, पण गुपित आहे हं, काकांना अजिबात कळता कामा नये. मुलांची पत्रं ती शाळेतून गोळा करून घेऊन आली होती. मला म्हणाली, “ताई, गाडी शेडमध्ये नको. तिथे अंधार असतो. मधे मोकळ्या पटांगणात उभी राहिली तर फोटो छान येईल.”

मी वायरलेसवर काकांना सांगितलं, “काका, शेडमध्ये लावू नका, पटांगणात मधे लावा.”

“का गं ताई?”

“धुवायची आहे.”

“कालच धुतली.”

“मग परत धुवू. तुम्हाला दुबारची सवय आहेच.”

वायरलेसवर त्यांचं हसू ऐकू आलं. मी पण हसले. ऊन तेव्हाच चढायला लागलं होतं.

गाडी आली, मधे थांबली. माझ्या खिडकीतून सगळं दिसत होतं, आवाज तेवढा काचेमुळे दबलेला. दार उघडलं आणि साहेब, बातमीबाई, कार्यालयातली आणखी चार-सहा माणसं, सुट्टीवरचे ड्रायव्हर, असा सगळा घोळका पुढे सरसावला. टाळ्या. काका दारात उभे, एक पाय पायरीवर. ते काहीतरी म्हणाले आणि क्षणभर मागे वळले. बातमीबाईने हसत त्यांचा हात धरला. तेवढ्यात काकू आणि लेक पुढे आल्या, आणि मग काका खाली उतरले ते एखाद्या लहान मुलासारखे, कुणी हाताला धरून नेईल तिकडे. एवढं मी पाहिलं. मग माझ्या वायरलेसवर दुसरी गाडी ओरडायला लागली, तिचा टायर बसला होता. त्या ड्रायव्हरला मदत पाठवीपर्यंत माझं डोकं त्यातच होतं. पुन्हा वर बघितलं तेव्हा सगळे गाडीच्या मागच्या बाजूला फोटोला उभे होते, काका मधे, हातात चौकटीतलं मानपत्र, आणि त्यांच्या डोक्यावर काचेत ती पाटी. गाडी रिकामी आहे. मनात म्हटलं, बघा, एवढ्या गडबडीतही या माणसाने आपलं काम केलंच.

कँटीनमध्ये केक कापला. साहेबांनी कर्तव्यावर चार वाक्यं टाकली, घड्याळ पाहिलं आणि गेले. काकू आणि लेकीला घेऊन काका माझ्या खोलीत चहाला आले. मानपत्र त्यांनी मांडीवर उभं धरलं होतं, आडवं ठेवलं तर सांडेल अशा बेताने. बातमीबाई माझ्याच टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप उघडून बसली. विशेष अंक लगेच पाठवायचा होता. तिने मथळा वाचून दाखवला : ‘एकही मूल मागे नाही’.

“जास्त होतंय,” काका म्हणाले.

“तुमच्यासाठी कमीच आहे,” ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं. मंडळातल्या झाडून साऱ्यांच्या फोनवर तो फोटो गेला. माझ्याही.

त्यानंतर टेलिफोन वाजला. शाळेची कारकून होती.

“कंट्रोल, तुमच्या गाडीतली एक मुलगी आज वर्गात नाही. पहिलीतली. आम्ही हजेरी घेऊन घरी फोन केला तर आई म्हणते, मी स्वतः बसमध्ये बसवली.”

“कुठली गाडी?”

तिने नंबर सांगितला. मी काकांकडे बघितलं. मुलीचं नाव सांगितल्यावर काकांनी कप खाली ठेवला.

“मुंगी,” ते म्हणाले. “चढली ना सकाळी. सगळ्यात आधी. पाठीमागे हात धरून काहीतरी लपवत होती, मी विचारलं तर मान हलवून पळाली मागे.”

“आणि उतरली?”

त्यांनी विचार केला. “सगळीच उतरली. रांग होती, मागून हॉर्न. मी आरशात बघितलं, कुणी दिसलं नाही.”

“आणि इथे आल्यावर?”

काकांनी खिडकीतून पटांगणात बघितलं. गाडी उन्हात उभी होती, काचेत पाटी होती. “बघितली ना,” ते म्हणाले. “पाटी लावलीय.”

मी फोनवर कारकूनबाईंना म्हटलं, “गाडी रिकामी आहे. दुबारकाकांची गाडी आहे ती, आमच्याकडे शंका घ्यायची पद्धत नाही. तुमच्याच आवारात शोधा. स्वच्छतागृह बघा, वाचनालय बघा.” आणि मी ते ठसक्यात म्हटलं. तो ठसका अजून माझ्या कानात आहे.

मग जे सुरू झालं ते सुरूच झालं. शाळेने आवार पालथं घातलं. मुंगीच्या आईचा फोन आला. तिचा आवाज अगदी शांत होता. “ताई, ती कुठे उतरली तेवढं सांगा. मी तिथून शोधत जाते.” मला काय सांगता येणार? मी मोकळ्या ड्रायव्हरांना दोन गाड्या देऊन रस्त्याला लावलं, एकाला शाळेकडून, एकाला पहिल्या थांब्याकडून. पोलिसांना कळवलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, गाडी तपासली का. मी म्हटलं, तपासली, पाटी लागलेली आहे. त्यांनी मुलीच्या कपड्यांचा रंग विचारला. काकांनी सांगितला, दप्तराचा सांगितला, केसांना लावलेल्या पिनेचा सांगितला. सांगताना त्यांचा हात मानपत्राच्या चौकटीवर घट्ट झाला होता.

“शाळेच्या दारात कुणी अनोळखी उभं होतं का?” लेकीने विचारलं.

“मला आठवत नाही गं,” काका म्हणाले. “बघतो मी रोज. आज बघितलं की नाही, आठवत नाही.”

काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना तो जाणवलाही नसावा.

खोलीत पंखा फिरत होता आणि तरी उकडत होतं. दर थोड्या वेळाने वायरलेस खरखरायचा. नाही, पुलाजवळ नाही. नाही, बागेत नाही. दुकानवाल्याने पाहिली नाही. आमचे लोक डोळ्यांत तेल घालून रस्त्याच्या कडा बघत होते आणि मी प्रत्येकाला पुढचा चौक सांगत होते. साहेबांचा फोन आला. त्यांना आधी हे विचारायचं होतं की विशेष अंक परत घेता येतो का. मी म्हटलं, साहेब, पोरगी सापडली नाही अजून. ते म्हणाले, हो हो, तेच, मी निघालोच.

मुंगीच्या आईचा पुन्हा फोन आला. ती चालत शाळेपर्यंत पोचली होती. “नाही दिसली,” ती म्हणाली. “ताई, तुम्ही गाडीत बघितलंय ना?”

“बघितलंय हो,” मी म्हटलं. “पाटी लावली म्हणजे ड्रायव्हर शेवटपर्यंत जाऊन आला. आणि आमचे काका तर दोनदा जातात, तुम्हाला ठाऊकच आहे.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “म्हणून तर मी निर्धास्त असते.”

मी फोन ठेवला. बातमीबाई माझ्याकडे बघत होती.

“ताई,” ती म्हणाली, “पाटी म्हणजे... ती तशीच असते ना? गाडी उभी असली की लावायची?”

“तशीच कशी असेल? मागे जाऊन सगळं बघितलं की लावायची. ती काय शोभेची आहे?”

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

“ती मी लावली,” ती म्हणाली. “फोटोसाठी. ड्रायव्हरच्या बाकाजवळ खुंटीला होती. मला वाटलं, काकांची ओळखच ती, फोटोत हवी. सगळे रांगेत उभे राहत होते तेव्हा मी पळत जाऊन लावून आले, येताना दार ओढून घेतलं.”

मी काकांकडे बघितलं. काका खिडकीकडे बघत होते. मानपत्र मांडीवरून घसरलं आणि काच फुटल्याचा आवाज झाला, पण खाली कुणी बघितलं नाही.

“मी म्हटलं होतं,” काका हळू म्हणाले. “मागे जाऊन येतो म्हटलं होतं. तू म्हणालीस, काका, आज मागे नाही, आज पुढे.” मग ते उभे राहिले. “मला वाटलं मीच लावली. रोज लावतो. रोजचं वेगळं कुठे आठवतं?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आम्ही त्या म्हणीत राहत होतो सकाळपासून. माझ्या खिडकीपासून गाडी हाकेच्या अंतरावर होती, आणि मी माणसं पाठवली होती पुलाजवळ.

काका या वयात इतके धावू शकतात हे मला माहीत नव्हतं. मी मागून, माझ्या मागे सगळ्या. दाराची बाहेरची आणीबाणीची मूठ काकांनी ओढली. दार उघडलं तशी आतली हवा तोंडावर आली, भट्टीचं झाकण काढावं तशी. रस्त्याच्या कामाची धूळ येते म्हणून सकाळी सगळ्या खिडक्या लावलेल्या होत्या. आम्हीच सांगितलेलं होतं लावायला.

काका आत शिरले आणि उजवीकडचे बाक बघत मागे गेले. एकेक बाक, वाकून. मी पायरीवर उभी होते. ते टोकाला पोचले, थांबले आणि वळून आमच्याकडे बघितलं.

“नाही,” ते म्हणाले.

काकूंनी तोंडावर पदर दाबला. माझ्या मनात एक घाणेरडा आनंद येऊन गेला, म्हटलं, बरं झालं, इथे नाही. आणि लगेच वाटलं, मग कुठे?

काका तिथूनच डावीकडचे बाक बघायला वळले. शेवटच्या बाकामागे, कोपऱ्यात, प्रथमोपचाराच्या पेटीसाठी एक खाच आहे. पेटी त्याच्या पुढच्या बाकाखाली सरकवलेली होती. काका गुडघ्यावर बसले, त्या खाचेत हात घातला, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कुणाच्याच तोंडून आधी ऐकला नव्हता.

ती आत अंग दुमडून बसली होती. केस ओले, चेहरा लालभडक, ओठ सुकलेले, डोळे अर्धे उघडे. दप्तर पोटाशी. काकांनी तिला उचललं तेव्हा तिचा हात नुसता लोंबला. मग त्याच हाताची बोटं काकांच्या कॉलरमध्ये अडकली, आणि मला श्वास आला.

शेडमध्ये सावलीला नेलं. ओली कापडं, थोडं थोडं पाणी, मानेला, मनगटांना. बातमीबाई पाण्याची बादली घेऊन नुसती येरझाऱ्या घालत होती, तिला कुणी काही म्हणत नव्हतं आणि तेच तिला जड जात होतं. रुग्णवाहिका आली. त्यातल्या डॉक्टरबाईंनी तपासलं, सलाईन लावलं, आणि म्हणाल्या की वाचली, पण अजून थोडा वेळ राहिली असती तर मी हे बोलू शकले नसते. दवाखान्यात न्यायचंच होतं, आईला कळवलं होतं, तिची वाट बघत होतो.

साहेब आईच्या आधी पोचले. त्यांनी मुलीकडे बघितलं, डॉक्टरबाईंशी दोन शब्द बोलले, आणि मग काकांपुढे हात केला.

“चावी द्या,” ते म्हणाले. “नियम तुम्हाला माहीत आहे. मूल गाडीत राहिलं की ड्रायव्हर त्याच क्षणी कामावरून बाजूला. मी काही करू शकत नाही.”

सकाळी त्याच हाताने फुलं दिली होती.

“साहेब, पाटी मी लावली,” बातमीबाई म्हणाली. “त्यांना मागे जाऊ दिलं नाही तेही मीच.”

“तुम्ही गप्प बसा. तुमचं नंतर बघू. कार्यक्रमाचा आणि याचा काही संबंध नाही.”

“संबंध नाही कसा?” मी म्हटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. “गाडी उन्हात लावायला मी सांगितली, तुमच्या फोटोसाठी. काकांना खाली ओढलं तुम्ही सगळ्यांनी मिळून. पोलिसांना, शाळेला, त्या आईला मी तासभर छातीठोकपणे सांगत होते की गाडी रिकामी आहे. काढायचं तर मग अख्खा फोटोच काढा नोकरीवरून. तुम्हीही आहात त्यात.”

साहेब काही बोलणार होते, पण काकांनी मान हलवली.

“ताई, राहू दे,” ते म्हणाले. “पाटी कुणीही लावू दे. मागे जायचं काम माझं होतं.”

तेवढ्यात मुंगीची आई आली. फाटकापासून पळत. ती कुणाकडे न बघता सरळ रुग्णवाहिकेत चढली आणि मुलीला छातीशी धरून बसली, सलाईनच्या नळीसकट. बऱ्याच वेळाने तिने बाहेर, काकांकडे बघितलं.

“गाडीतच होती?” तिने विचारलं.

“गाडीतच होती,” काका म्हणाले.

“आणि तुम्ही बघितलं नाही?”

“नाही बघितलं.”

तिने मान खाली घातली. तिने शिव्या दिल्या असत्या तर आम्हा सगळ्यांना बरं वाटलं असतं.

मुंगीला आता जरा तरतरी आली होती. तिने आईच्या कुशीतून डोकं बाहेर काढलं, काकांना शोधलं आणि दप्तराकडे बोट दाखवलं. आईने दप्तर उघडलं. आत घडी पडलेला, घामाने ओलसर झालेला कागद होता. पिवळी बस, तिला डोळे आणि तोंड, आणि खिडकीत एक मिश्यावाला माणूस. तिने आपलं शुभेच्छापत्र शाळेत दिलं नव्हतं. गुपित होतं ना. तिला स्वतःच्या हाताने द्यायचं होतं, म्हणून ती उतरलीच नव्हती. पेटी बाजूला सारून खाचेत लपली होती.

“अगं, मग हाक का नाही मारलीस?” आईचा आवाज आता फुटला. “एवढी माणसं बाहेर होती. ओरडायचं होतंस.”

“टाळ्या वाजत होत्या,” मुंगी म्हणाली. आवाज अगदी बारीक, घसा कोरडा. “मी पण वाजवल्या, आत. मग एक मावशी आली आणि पाटी लावून गेली. पण काका नव्हते आले.”

“मग?”

“मग मी वाट बघत होते,” ती म्हणाली, हे आईला कसं कळत नाही अशा सुरात. “काका येतातच ना. दोनदा येतात.”

बातमीबाई तिथेच खाली बसली, बादलीशेजारी, आणि रडायला लागली. काका रुग्णवाहिकेच्या पायरीला धरून उभे होते. त्यांनी तो कागद घेतला नाही, हात पुढे केला आणि मागे घेतला.

“उशीर झाला गं मला आज,” ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातून चावी काढून साहेबांपुढे धरली. पण साहेबांचा हात कधीच खाली गेला होता आणि ते दुसरीकडे बघत होते. शेवटी चावी मीच घेतली, कंट्रोल रूममध्ये जाऊन चाव्यांच्या बोर्डावर काकांच्या खुंटीला अडकवली, आणि परत येऊन साहेबांना सांगितलं की चौकशीत मी जे पाहिलं ते सगळं बोलणार आहे, आणि तोवर ती चावी मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.